वहिनीची शिट्टी

आधीच सांगून टाकते, मी काही गरीब गाय नाही. हॉस्पिटलच्या चौकशीच्या खिडकीत बसते. दिवसभर चारशे माणसांना "दुसरा मजला, डावीकडे, लिफ्ट बंद आहे" हे गोड आवाजात सांगते, आणि घरी पोचेपर्यंत तो सगळा गोडवा संपलेला असतो. त्यामुळे ही हकिगत वहिनीची असली, तरी तिच्यात माती खाल्ली ती मी. ते लपवून वहिनीचं कौतुक सांगत बसण्यात काही अर्थ नाही.

माझी वहिनी चष्म्याच्या दुकानात काचा घासते. पुढे काउंटरवर आरसे, दिवे, फ्रेमा आणि टाय लावलेला मालक. मागे आठ बाय दहाच्या खोलीत ती, एक फिरतं चाक आणि चाकावर ठिबकणारं पाणी. गोल काच घ्यायची, फ्रेमच्या आकाराला कडेने घासत आणायची, बसवून बघायची, काढून पुन्हा घासायची. जरा जास्त घासली गेली की काच वाया. एकोणीस वर्षं हेच काम करून तिच्या अंगठ्याला घट्टे पडलेत, आणि तिला अंदाजपंचे बोललेलं खपेनासं झालंय. "बरंच लांब आहे" असं कुणी म्हटलं की ती विचारते, "किती?" घरी आलेल्या पाहुण्यांनाही विचारते. मग पाहुणे माझ्या तोंडाकडे बघतात.

ती लग्न होऊन आली तेव्हा मी वीस वर्षांची होते. दादा बाइंडिंगच्या कारखान्यात पुस्तकं बांधतो, आणि शाळेत होता तेव्हापासून आमच्या शहरातल्या निळ्या जर्सीच्या फुटबॉल क्लबवर जीव टाकतो. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी हा शहाणा नव्या नवरीला सामना बघायला घेऊन गेला. मध्यंतरात तिने विचारलं, "अहो, तो रेषेवरचा माणूस झेंडा नक्की कधी वर करतो?" दादाने सांगायला सुरुवात केली आणि तिसऱ्या वाक्याला अडकला. दुसऱ्या दिवशी त्याने कारखान्यातून नियमांचं पुस्तक आणून दिलं. वीस वेळा बांधलेलं, पण एकदाही न वाचलेलं. तिने ते चार दिवसांत संपवलं. त्यानंतर दर रविवारी दादा रेफरीच्या नावाने ओरडायचा आणि ही शेजारून शांतपणे म्हणायची, "बरोबर दिलंय त्याने." बिचाऱ्याला हरण्याचं दुःखसुद्धा धड करता येईना.

मग एकदा कारखान्यांच्या आपापसातल्या सामन्याला रेफरी आलाच नाही. दोन्ही संघ बूट घालून उभे. दादाच्या मित्राने थट्टेत म्हटलं, "वहिनींना उभं करा, त्यांना पुस्तक पाठ आहे." हिने पर्स माझ्या हातात दिली, चपला काढल्या, माझे कॅनव्हासचे बूट घातले आणि मैदानात गेली. बूट एक नंबर मोठे होते. नव्वद मिनिटं पळाली, दोघांना कार्ड दाखवलं, त्यातला एक दादाचा फोरमन होता.

पुढे परीक्षा झाली. लेखीत पहिली आली, पळण्यात नापास झाली. आमची आई तेव्हा होती. तिला वाटलं, सुटलो. पण वहिनी सहा महिने पहाटे हॉस्पिटलच्या कुंपणाला फेऱ्या मारत राहिली आणि दुसऱ्यांदा पास झाली. शेजारपाजारच्यांनी "सुनेला अर्ध्या चड्डीत पळवता होय?" असं आईला विचारलं, तेव्हा आई म्हणाली, "तुमची पळून बघू दे आधी." आमच्या घराण्याची जीभ कुठून आली ते कळलं असेल.

सात वर्षं वहिनीने शिट्टी वाजवली. शाळांचे सामने, मग दुसरी श्रेणी, मग पहिली. आणि यंदा, एकेचाळिसाव्या वर्षी, चषकाच्या अंतिम सामन्याला मुख्य रेफरी म्हणून तिचं नाव लागलं. बाईचं नाव तिथे आजवर कधी लागलं नव्हतं. आणि तिचं पुन्हा लागणारही नव्हतं, कारण आमच्या संघटनेत बेचाळीस पूर्ण झाली की मोठे सामने बंद. तिला चार महिन्यांनी बेचाळीस पूर्ण होणार होती. म्हणजे हाच पहिला आणि हाच शेवटचा. तिने पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, "रोजचं पळणं पंधरा मिनिटं वाढवायला हवं." डोळे मात्र भरले होते. मी बघितले.

आता त्या मेल्या कट्ट्याचं सांगते. निळ्या क्लबच्या चाहत्यांचा इंटरनेटवर एक मंच आहे, 'निळा कट्टा'. आठ हजार सदस्य. प्रत्येकाचं टोपणनाव. दादा तिथे वीस वर्षांपासून 'पुठ्ठा' या नावाने आहे. सकाळी चहाबरोबर सगळं वाचतो. लिहीत मात्र नाही. वीस वर्षांत त्याने एकदाच लिहिलं होतं, "मैदान ओलं असेल तर सामना होईल का?" त्यालाही कुणी उत्तर दिलं नव्हतं. कट्टा चालवतो तो आमच्याच रस्त्यावरचा औषधवाला. दुकानात "काय ताई, बरं आहे ना?" आणि कट्ट्यावर टोपणनाव 'डरकाळी'. रेफरींना असल्या मंचांवर लिहायला बंदी असते. वहिनी तिकडे फिरकतही नाही, असं मी तरी धरून चालले होते.

अंतिम सामन्याच्या महिनाभर आधी निळ्यांचा पिवळ्यांशी चषकाचाच साखळीतला सामना होता. रेफरी वहिनी. नवरा निळ्यांचा चाहता आहे हे तिने फॉर्मवर पहिल्या वर्षीच लिहून दिलेलं, समितीला ठाऊक. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला निळ्यांच्या चार नंबरच्या खेळाडूने गोलसमोर हात बाहेर काढला आणि चेंडू हातावर आपटला. वहिनीने शिट्टी मारली, बोट पेनल्टीच्या ठिपक्याकडे. निळे एका गोलने हरले आणि चषकातून बाहेर गेले. दादा माझ्या शेजारी डोकं धरून बसला होता. मी विचारलं, "लागला का रे हाताला?" तो म्हणाला, "लागला गं," आणि पुन्हा डोकं धरलं.

त्या संध्याकाळी कट्ट्यावर जे सुरू झालं, ते मी दादाच्या खांद्यावरून वाचलं. "घरी कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत, ती इथे शिट्टी वाजवते." "दुसऱ्यांना चष्मे देते, स्वतःला एक घाल म्हणावं." इथपर्यंत ठीक, मैदानातही ऐकतो आपण. पण मग भाषा घसरली. तिच्या पायांवर, चालण्यावर, कपड्यांवर. आणि मग डरकाळीने एक मजकूर टाकला, जो मी इथे आत्ता लिहीत नाही. तो पुढे येईल तेव्हा येईल. दादाने फोन उलटा करून ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला.

मी म्हटलं, "काहीतरी लिही ना तू! बायको आहे तुझी."

"लिहून काय होणार?" तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून घरातल्या गोळ्या-औषधं आणायला तो दोन बस-थांबे पलीकडच्या दुकानात जायला लागला. एवढाच त्याचा निषेध. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाऊ म्हणून घ्यायची लाज वाटली, खोटं कशाला बोलू?

मग मीच कट्ट्यावर नाव नोंदवलं. टोपणनाव 'ठसका'. आणि सुटले. डरकाळीला लिहिलं, "दुकानात मुदत संपलेल्या बाटल्या ठेवतोस तशीच अक्कल ठेवली आहेस." एकाला लिहिलं, "आईने बोलायला शिकवलं, तिला आता पश्चात्ताप होत असेल." लोक चिडले की मला गार वाटायचं. खिडकीत बसून दिवसभर गिळलेलं सगळं तिथे ओकत होते. ते अमुक म्हणाले की मी तमुक. तिसऱ्या दिवशी त्या चार नंबरच्या खेळाडूबद्दल लिहिलं, "देवाने याला हात दिले तीन आणि पाय दिला अर्धा, लंगड्याला संघात घेतलं कोणी?" त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं सगळ्यांना माहीत होतं. तेव्हा मला ते फार चटपटीत वाटलं होतं.

पण कितीही बोललं तरी त्यांचं एकच पालुपद. "पुरावा दाखव." आणि पुरावा आमच्या जेवणाच्या टेबलावर पडलेला होता.

रेफरीला सामन्यानंतर चोवीस तासांत समितीला अहवाल द्यावा लागतो. समिती निकाल कायम करेपर्यंत तो गुप्त. वहिनी तो आधी वहीत कच्चा लिहिते, मग पक्का. कर्णधाराने येऊन हुज्जत घातली तरी त्याला कार्ड का दाखवलं नाही, याचं कारण तिला लिहायचं होतं. म्हणून तिने लिहिलं होतं: "निळ्यांचा कर्णधार हातभर अंतरावर येऊन हळू आवाजात म्हणाला की, मॅडम, लागला हाताला, पण संघासमोर मला भांडायलाच लागेल. त्यामुळे कार्ड दाखवलं नाही." तोंडावर हात धरून बोलला होता तो. तिसऱ्या माणसाने ऐकलं नव्हतं.

मी वाचलं. आणि कट्ट्यावर ठोकून दिलं, "तुमच्या कर्णधाराने मैदानातच कबूल केलंय. हातभर अंतरावर उभा राहून म्हणाला, लागला हाताला. जा, विचारा त्याला!"

उचलली जीभ लावली टाळ्याला. वाटलं, जिंकले.

झालं काय, तर सगळी झुंड कर्णधारावर उलटली. गद्दार, विकला गेलेला, पिवळ्यांचा कुत्रा. त्याचं टायरचं दुकान आहे. दुकानाच्या शटरवर कुणीतरी रंगाने घाण लिहून गेलं. माणूस घाबरला आणि त्याने लिहून दिलं, "मी असं काही बोललो नाही." आणि डरकाळी काही मूर्ख नाही. त्याने लगेच ताडलं की ही गोष्ट फक्त रेफरीलाच माहीत असणार. म्हणजे ठसका म्हणजेच रेफरी. म्हणजे रेफरी खोट्या नावाने कट्ट्यावर शिव्या देते, गुप्त अहवाल फोडते आणि वर अहवालात खोटं लिहिते. चौदा पानं छापून त्याने शिस्त समितीकडे तक्रार केली.

समितीचं पत्र आलं त्या संध्याकाळी मी वहिनीला सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. राग आला की वहिनी मला अहो-जाहो करते. ती म्हणाली, "वन्सं, तुम्ही मला विचारलं होतं का?"

"नाही."

"मी तुम्हाला सांगितलं होतं का माझी बाजू घ्या म्हणून?"

"पण ते किती घाण बोलत होते, वहिनी!"

"मग तुम्ही काय अत्तर शिंपडलंत?"

पाच दिवस घरात "ताट घ्या", "दार लावा" एवढंच चालू होतं. सहाव्या दिवशी ती म्हणाली, "उद्या तूही यायचंस समितीपुढे. तोंड तुझं आहे, तूच उघड." ती 'तू'वर आली म्हणून मला रडू फुटलं.

समितीची खोली मैदानातल्या कपडे बदलायच्या खोल्यांच्या वर आहे. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, काचेच्या कपाटात कळकट चषक, खालून ओल्या मोज्यांचा वास. टेबलामागे तिघे. मधले अध्यक्ष, निवृत्त झालेले, सभ्य, आणि सभ्य माणसांसारखंच सगळं लवकर मिटावं अशी इच्छा असलेले. एका बाजूला औषधवाला, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर छापील पानं. कर्णधार आलाच नव्हता, त्याचा कागद आला होता. दादा सुट्टी टाकून आला होता आणि मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसला होता. मी त्याच्याकडे बघितलंही नाही.

तक्रार वाचून झाली. मी उभी राहिले. "ठसका मी आहे. रेफरीची नणंद. सगळं मी लिहिलंय. वही मी न विचारता वाचली."

औषधवाला हसला. "घरातलीच माणसं ही. ही काय आणि ती काय!"

अध्यक्षांनी वहिनीला विचारलं. ती म्हणाली, "वही टेबलावर उघडी राहिली. ती माझी चूक आहे. लिहून देते."

अध्यक्षांना हायसं वाटलं. पुढे सरकून अगदी घरच्यासारखं म्हणाले, "हे बघा ताई, चूक कबूल केलीत, आनंद आहे. आता तेवढं कर्णधाराचं वाक्य अहवालातून मागे घ्या. तो नाही म्हणतोय. गोंगाटात गैरसमज झाला असं दोन ओळींत लिहा. वहीचं आम्ही ताकीद देऊन मिटवतो. अंतिम सामना तुमच्याकडेच राहील. सगळ्यांचीच इच्छा आहे."

कागद आणि पेन त्यांनी पुढे सरकवलंसुद्धा. मला वाटलं, लिही गं बाई. एक वाक्य तर आहे. सात वर्षं पळलीस त्या कुंपणाभोवती. कोण बघतंय?

वहिनीने पेन उचलून टेबलाच्या कडेला सरळ ठेवलं. "तो बोलला. मी ऐकलं. गैरसमज झाला नाही, तर झाला असं कसं लिहू?"

"अहो, पण अंतिम सामना—"

"कळतंय मला. वहीची शिक्षा द्या, घेते. वाक्य राहील."

"बघा माज!" औषधवाला उभाच राहिला. "आणि हिच्या घरचे संस्कार ऐका!" पिवळ्या रंगाने खुणा केलेल्या माझ्या ओळी तो एकेक करून वाचायला लागला. मुदत संपलेल्या बाटल्या. आईचा पश्चात्ताप. खोलीत कुणीतरी खुदकन हसलंही. मग ती 'लंगड्या'ची ओळ आली. त्या बंद खोलीत, दुसऱ्याच्या तोंडून तो शब्द ऐकला आणि मला माझी शिसारी आली.

"द्या इकडे," मी म्हटलं. "माझं आहे, मी वाचते." पानं घेतली आणि लंगड्याची ओळ सगळीच्या सगळी पुन्हा वाचली, मोठ्याने. "हे मी लिहिलं. याची मला लाज वाटते. त्याच्या घरी जाऊन माफी मागेन." मग पान तीन काढून औषधवाल्यापुढे धरलं. "आता तुम्ही. माझ्या ओळीच्या वर डरकाळीचं आहे. ज्याला खूण करायला विसरलात ते. वाचा."

त्याने पानाकडे बघितलं.

"त्याचा इथे संबंध नाही."

"मी वाचलं ना माझं? मग वाचा तुमचं!"

"इथे बायका बसल्यात," तो पुटपुटला.

वहिनी खुर्चीतूनच म्हणाली, "लिहिलंत तेव्हा कुठे गेल्या होत्या बायका?"

अध्यक्ष पाण्याचा पेला शोधायला लागले. तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि दादा पुढे आला. माझ्या हातातून पान घेतलं.

"मी वाचतो," तो म्हणाला. "पुठ्ठा म्हणजे मी. वीस वर्षं सदस्य आहे कट्ट्याचा. मला वाचायची सवय आहे."

आणि माझ्या भावाने, ज्याने घरी कधी आवाज चढवला नाही, त्याने कारखान्यात कागदांची मोजणी सांगावी तशा सपाट आवाजात वाचलं: "हिच्या घरी बारा वर्षांत पाळणा हलला नाही. माझ्याच दुकानातून गोळ्या नेऊन नेऊन दमले दोघं. वांझ बाई ती, तिला पोटच्या पोराची किंमत काय कळणार? म्हणून आमच्या पोरांवर—"

"पुरे, पुरे," अध्यक्ष म्हणाले. "बसा तुम्ही."

"पूर्ण वाचू द्या," वहिनी म्हणाली. "मला माहीत आहे काय आहे ते. पहिल्याच दिवशी वाचलंय मी."

मी गर्रकन तिच्याकडे वळले. पहिल्या दिवशी! आणि त्यानंतर ती रोज दुकानात गेली होती, काचा घासल्या होत्या, पहाटे पळाली होती, मला ताट वाढलं होतं.

दादाने पूर्ण वाचलं. पुढच्या तीन ओळी आणखी वाईट होत्या. एकाही शब्दाला तो अडखळला नाही. वाचून झाल्यावर पान टेबलावर ठेवलं, नखाने त्याची घडी दाबली, आणि औषधवाल्याला म्हणाला, "डॉक्टरांची चिठ्ठी विश्वासाने दिली होती तुमच्या हातात." एवढंच.

औषधवाला पानं गोळा करायला लागला. चौदातली दोन खाली पडली, ती कुणी उचलून दिली नाहीत.

अर्ध्या तासाने समितीने निकाल दिला. अहवालाची गुप्तता राखली नाही म्हणून रेफरीला चार सामन्यांची बंदी. अंतिम सामना त्या चारातच आला. कर्णधाराबद्दलचं वाक्य मागे घेतलेलं नसल्याने अहवाल आहे तसा कायम. आणि चाहत्यांच्या मंचावर कोण काय लिहितं, ते समितीच्या अधिकारात येत नाही. हे शेवटचं ऐकून माझ्या तोंडाशी जे आलं होतं ते मी गिळलं, कारण वहिनीने माझं मनगट धरून ठेवलं होतं. काचा घासणाऱ्या बाईची पकड असते ती. तिने बंदीच्या कागदावर सही केली, तारीख घातली, वेळही घातली.

जिना उतरताना मी म्हटलं, "वहिनी, माझ्यामुळे गेला गं अंतिम सामना."

"हो, तुझ्यामुळे गेला," ती म्हणाली. तिला खोटं समाधान करता येत नाही. चार पायऱ्या उतरून पुढे म्हणाली, "वही मी उघडी ठेवली, म्हणून माझ्यामुळेही गेला. पण वाक्यामुळे गेला असता ना, तर मी समितीशी भांडले असते. वाक्य तसंच राहिलं." मैदान बाजूलाच होतं. चुन्याने नवे पट्टे मारायचं काम चालू होतं. तिने तिकडे बघितलं, आणि मग रडली. चांगली हुंदके देऊन रडली, येणारे-जाणारे बघत होते तरी. दादा तिची पर्स धरून उभा राहिला. कुणी टक लावून बघायला लागलं की मी त्याच्याकडे बघत होते, मग तो पुढे जात होता.

चार नंबरच्या घरी मी दुसऱ्या दिवशी गेले. त्याने दार उघडलं, दारातच माझं सगळं ऐकून घेतलं, "बरं" म्हणाला आणि दार लावलं. तेवढंच माझ्या लायकीचं होतं.

पण समितीच्या त्या दिवशीचं एक राहिलं. घरी आलो, चहा झाला. दादाने फोन घेतला आणि एका बोटाने काहीतरी टाइप करत बसला. खूप वेळ बसला. मला वाटलं, अजूनही वाचतोय की काय हा बाबा तिथलं! शेवटी त्याने फोन टेबलावर आमच्यासमोर सरळ ठेवला. वीस वर्षांतला त्याचा दुसरा मजकूर होता. "रेफरी माझी बायको आहे. चेंडू हाताला लागला, मी माझ्या डोळ्यांनी बघितला. पेनल्टी बरोबर होती. आम्हाला मूल नाही, त्याचा फुटबॉलशी काही संबंध नाही. मी निळाच आहे. पुठ्ठा." आणि खाली कारखान्याचा पत्ता. कुणाला यायचं असेल तर, म्हणाला.

आम्ही तिघं फोनकडे बघत बसलो. एकही उत्तर येईना. मग पडदा पांढरा झाला आणि पाटी आली: आपले सदस्यत्व रद्द करण्यात आले आहे.

"काढलं मला," दादा म्हणाला.

वहिनीने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "किती मिनिटांनी?"

"अकरा."

"अकरा म्हणजे पुष्कळ झाली," ती म्हणाली. "सगळ्यांचं वाचून झालं असेल."